जागा म्हणजे काय धरायचं?

मी विद्यापीठात व्याख्याता आहे आणि गेल्या एकोणीस वर्षांत मी एकही व्याख्यान दिलेलं नाही. यात माझा आळस नाही. मी दूरशिक्षण विभागात आहे. आमच्याकडे विद्यार्थी येत नाहीत, पाठ त्यांच्याकडे जातात. मी पाठ लिहितो, ते छापले जातात, त्यांचे गठ्ठे बांधले जातात आणि पाकिटांतून कुठल्या कुठे रवाना होतात. माझे सासरे शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले की जावई पोस्टात आहेत. मी दोनदा दुरुस्ती केली, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

तर अशा माणसाला बढतीसाठी एक शोधनिबंध लिहावा लागेल, असं पत्र आलं. आमच्या विभागप्रमुख मॅडम समजूतदार आहेत. त्या म्हणाल्या, फार खोलात जाऊ नका, सोपा विषय घ्या. आपलेच विद्यार्थी, आपलेच पत्ते. स्त्री आणि पुरुष विद्यार्थ्यांचा दूरशिक्षणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन, एवढं नाव द्या. चाळीस प्रश्न पाठवा, उत्तरं मोजा, निष्कर्ष लिहा. दोन महिन्यांचं काम.

निष्कर्ष तर मला आधीच माहीत होता. बायकांना दूरशिक्षण जास्त आवडणार. घर सांभाळून शिकता येतं, जायला नको, यायला नको. हे सिद्ध करायला चाळीस प्रश्न म्हणजे खरं तर जास्तच होते.

एका रविवारी बसून मी प्रश्न लिहून काढले आणि तालीम म्हणून बायकोला भरायला दिले. ती शाळेत शिक्षिका आहे. तिने कागद हातात घेतला तो लाल पेन काढूनच. नवव्या प्रश्नाला थांबली. प्रश्न असा होता: घरी राहून शिकणं मला सोपं आणि आवडीचं वाटतं. तिने विचारलं, सोपं वाटतं पण आवडत नाही, अशा बाईने खूण कुठे करायची? मी म्हटलं, अशी बाई असणार नाही. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, 'आणि' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. तिने एकूण अकरा गोल केले. मी त्यातले चार मान्य केले, बाकीचे मनात.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालेत. सगळी इमारत त्यांना आकडेकाका म्हणते, कारण त्यांना पाऊस किती पडला विचारलं तर ते आधी कशाच्या तुलनेत ते विचारतात. मी सर्वेक्षण करतोय हे त्यांना जिन्यात कळलं आणि तेव्हापासून ते निवृत्त राहिले नाहीत. रोज संध्याकाळी वही घेऊन खाली यायचे. नमुना तीनशेचा हवा, त्यात निम्मे पुरुष, निम्म्या बायका, अशी त्यांनी ताकीद दिली. मी साठ-सत्तर म्हणत होतो. ते म्हणाले, साठ जणांना तर मीसुद्धा तोंडी विचारून येईन, त्याला संशोधन म्हणत नाहीत. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीचा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला.

फॉर्म पाठवण्याआधी नीतिसमितीची परवानगी लागते. आमच्या विभागाची नीतिसमिती तीन जणांची आहे आणि त्यातला तिसरा मी. स्वतःच्या अर्जावर मला बसता येईना. मी उठलो की दोनच जण उरतात आणि दोघांत बैठक भरत नाही. माझ्या जागी बदली सदस्य नेमायचा तर तसं पत्र सदस्य-सचिवाने द्यायला हवं. सदस्य-सचिवही मीच. म्हणून मी अर्जदार या नात्याने सदस्य-सचिवाला पत्र लिहिलं, सदस्य-सचिव या नात्याने ते स्वीकारलं, आणि सोबत प्रश्नावलीची प्रत जोडलेली नाही असं लक्षात आल्यावर नाइलाजाने मला परत पाठवलं. हे सगळं एकाच टेबलावर झालं, पण आवक-जावक रजिस्टरात नोंद करायला पाच दिवस लागले.

परवानगी मिळाली, मग छपाई. छापखान्यातून तीनशे प्रती आल्या त्या दिवशी मी जरा कौतुकानेच गठ्ठा सोडला. प्रश्न ठीक होते. वर उत्तरांचे पाच रकाने होते: पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही, सहमत, पूर्णपणे सहमत. छापखान्याने दोन्ही 'असहमत'मधला अ गाळला होता. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने डावीकडून सुरुवात केली काय किंवा उजवीकडून, त्याला सहमत होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, निकाल चांगले लागतील. त्या थट्टा करत होत्या की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

पुन्हा छापायचं म्हणजे पुन्हा मंजुरी. शेवटी शनिवारी दुपारी मी, बायको आणि आकडेकाका जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि प्रत्येक फॉर्मवर दोन असे सहाशे अ हाताने लिहिले. बायकोचे अ वळणदार, काकांचे अ सरळ रेषेत, माझे अ मात्र दीडशेनंतर ओळखू येईनात. काकांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मला पाकिटं चिकटवायला बसवलं. माझ्याच संशोधनात माझी अशी पदावनती झाली.

फॉर्म गेले. दीड महिन्यात एकशे सत्त्याऐंशी परत आले आणि मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विद्यार्थ्यांचं अक्षर पाहिलं. माहितीच्या पहिल्या ओळीत 'लिंग' असा रकाना होता. त्यात अकरा जणांनी 'पुल्लिंग' लिहिलं होतं आणि एकाने पुढे 'एकवचन, प्रथमा' अशी भरही घातली होती. पुरुषांनी शेवटच्या मोकळ्या जागेत भरभरून लिहिलं. पाठ जाड आहेत, कागद पातळ आहे, परीक्षा पुढे ढकला, विद्यापीठ कसं चालवावं. एकाने जागा अपुरी पडली म्हणून मागच्या बाजूला मजकूर चालू ठेवला होता. बायकांचे फॉर्म स्वच्छ होते. चाळीस प्रश्न, चाळीस खुणा, मोकळी जागा मोकळी. बहुतेक खुणा पहिल्या दोन रकान्यांत होत्या. मी खूश झालो. निष्कर्ष माझ्या दिशेने चालत येत होता.

तो काकांनी अडवला. एका पाकिटात दोन फॉर्म आले होते, नवरा-बायकोचे. दोघंही आमचे विद्यार्थी, एकाच वर्षाला. तेविसावा प्रश्न होता: मला घरात अभ्यासासाठी स्वतंत्र जागा आहे. नवऱ्याने 'पूर्णपणे सहमत'वर ठसठशीत खूण केली होती. बायकोने एकाही रकान्यात खूण केली नव्हती. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात विचारलं होतं, 'जागा म्हणजे काय धरायचं?'

मी म्हटलं, सोडून द्या, एक उत्तर कोरं धरू. काका सोडणारे नव्हते. घर एक आहे, त्यात जागा एकतर असेल किंवा नसेल. एकाच घराची दोन उत्तरं येत असतील तर पडताळणी करावी लागते, नाहीतर उरलेल्या एकशे पंच्याऐंशींवर विश्वास कशाला ठेवायचा? शिवाय तिने प्रश्न विचारलाय, असं माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तर मास्तर उत्तर देतात, निदान आमच्या शाळेत तरी.

म्हणून रविवारी सकाळी मी आणि काका पत्ता शोधत निघालो. शहराच्या दुसऱ्या टोकाला चार मजली इमारत, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. काका प्रत्येक मजल्यावर थांबून पायऱ्यांची संख्या सांगत होते. दुसरा मजला ओलांडल्यावर वळणावर एक बाई पायरीवर बसली होती. भिंतीच्या झरोक्यातून तेवढ्या तुकड्यावर उजेड येत होता. मांडीवर पुस्तक होतं. आम्ही आल्याचं कळताच तिने वर न पाहता पाय बाजूला घेतले, रोज घेत असल्यासारखे. आम्ही कडेकडेने वर गेलो. काका पुटपुटले की जिन्यात बसणं नियमाविरुद्ध आहे. मीही मान हलवली.

दार नवऱ्याने उघडलं. बस-डेपोच्या सुट्या भागांच्या गोदामात कामाला होता, तिशी-पस्तिशीचा, हसतमुख माणूस. विद्यापीठातले सर घरी आले म्हणून त्याला कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत त्याची आई पलंगावर बसून भाजी निवडत होती, दोन मुली जमिनीवर चित्रं रंगवत होत्या. खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर पाठ विषयवार रचलेले, पेनांसाठी डबा, वरती वेळापत्रक. टेबल त्याने स्वतः बनवलं होतं. त्याने ड्रॉवर उघडून दाखवला, बंद करून दाखवला. रोज कामावरून आल्यावर दोन तास तो इथे बसतो आणि त्या वेळात मुलींना आवाज करू देत नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं. मला तो आवडला. टेबलही चांगलं होतं. सगळ्यात वरचा पाठ माझा होता आणि त्यात वाक्यांखाली रेघा मारलेल्या होत्या. माझी वाक्यं कुणी वाचतं हे मी पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे आलो कशाला तेच मी विसरलो.

काका विसरले नव्हते. त्यांनी विचारलं, आणि मिसेस कुठे बसतात अभ्यासाला?

तो म्हणाला, ती आत्ता बसलीच आहे. खाली. तुम्हाला वाटेत दिसली असेल.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉवरकडे पाहिलं.

त्याने दारातून हाक मारली आणि ती लगेच वर आली, पुस्तकात बोट तसंच ठेवून. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करते असं तिने सांगितलं. आम्हाला बघून ती आधी घाबरली. फॉर्ममध्ये काही चुकलं का, परीक्षेला बसता येईल ना, असं विचारलं. मी घाईने सांगितलं की काही चुकलेलं नाही. नवरा म्हणाला, मी हिला कितीदा म्हटलं, टेबल घे म्हणून. हीच घेत नाही. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, खरोखरचं कोडं होतं. ती एवढंच म्हणाली, "दोनदा घेतलं होतं." मग पाणी आणायला आत गेली, परत येईपर्यंत सासूला चष्मा शोधून दिला, धाकटीच्या हातातला ब्रश काढून मोठीला दिला, आणि पुस्तकातलं बोट मात्र काढलं नाही.

निघताना ती आम्हाला वळणापर्यंत सोडायला आली. तिथे मी तिला सरळ विचारलं की टेबल असताना जिना का. सर्वेक्षणाच्या भाषेत विचारायला हवं होतं, पण ती भाषा आयत्या वेळी आठवली नाही.

ती म्हणाली, "टेबलाशी बसले की मी घरात असते, सर. घरात असलेल्या माणसाला कुणीही हाक मारतं. इथे बसले की मी बाहेर आहे. बोलावतात, पण अगदी अडलं तरच. फरक फार नाही, चौदा पायऱ्यांचा आहे."

काकांनी मोजल्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

मग तिने मला विचारलं, "मग जिना धरायचा का जागा म्हणून? तुम्ही सांगाल तशी खूण करते."

एकोणीस वर्षं पाठाच्या शेवटी मी 'शंका असल्यास विभागाशी संपर्क साधावा' असं छापत आलो. पहिली शंका समोर उभी होती. वेळ काढायला मी म्हटलं, पण तुम्ही दूरशिक्षण सोयीचं वाटतं, याला पूर्णपणे सहमत लिहिलंय.

"सोयीचंच आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना सोयीचं आहे."

परत येताना काकांनी एकही पायरी मोजली नाही. घरी पोचलो तर माझ्या फॉर्मनी जेवणाचं टेबल भरून गेलं होतं आणि बायको ओट्याच्या कडेला उभी राहून मुलांच्या वह्या तपासत होती. हे ती महिनाभर करत असणार. मी फॉर्म उचलायला लागलो. ती म्हणाली, राहू द्या, चारच वह्या राहिल्यात. मी उचलत राहिलो. तिने वह्या टेबलावर आणल्या, खुर्चीवर बसली आणि पुढची वही उघडली, तेव्हा मला जास्तच लागलं.

निबंध पूर्ण झाला. आकडे काकांनी तीनदा तपासले. स्त्री आणि पुरुष विद्यार्थ्यांच्या दृष्टिकोनात लक्षणीय फरक आढळत नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे मी सुरुवातीला जे ठरवलं होतं तेही चुकलं आणि शेवटी जे पाहिलं तेही आकड्यांत आलं नाही. मी काकांना म्हटलं, ती बाई यात कुठे आहे? ते म्हणाले, सरासरीत आहे. आणि मग स्वतःच्याच उत्तरावर नाराज होऊन वर निघून गेले. मी शेवटी जिन्याबद्दल एक परिच्छेद जोडला. परीक्षकांकडून शेरा आला: 'जिना ही संकल्पना स्पष्ट करावी.' परिच्छेद काढला तर निबंध स्वीकारू, असंही खाली होतं. मी तो काढला नाही. बढती तूर्त लांबणीवर पडली आहे.

पण त्या शेऱ्याने मला एक वेगळाच चेव आला. आमच्या विभागाच्या तळमजल्यावर एक खोली आहे, परत आलेल्या पाठांचे गठ्ठे तिथे पडून असतात. मी अधीक्षकांना अर्ज केला की शनिवारी दुपारी ती विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी उघडावी. अधीक्षक नियमांचे पक्के. त्यांनी नियमावली काढून दाखवली. दूरस्थ विद्यार्थ्याला परिसरातल्या वाचनकक्षाचा हक्क नाही. ते अगदी शांतपणे म्हणाले, तो जवळ येऊन बसला तर त्याला दूरस्थ कसं म्हणायचं? मी पाच अर्ज केले. नीतिसमितीने दिलेली तालीम कामी आली. शेवटी मॅडमनीच वाट काढली. वाचनाचा हक्क नसला तरी पाठ्यसाहित्याच्या तपासणीसाठी विद्यार्थ्याला बोलावता येतं. दारावर 'साहित्य तपासणी कक्ष' अशी पाटी लागली. भिंतीवर अधीक्षकांनी नियम लावले: मोठ्याने बोलू नये, खाऊ नये, झोपू नये. टेबलावर रजिस्टर आलं: नाव, वेळ, येण्याचं प्रयोजन. मी शिक्का मारून सगळ्यांना पत्रं पाठवली की शनिवारी दुपारी दोन ते पाच तपासणीसाठी उपस्थित राहावं. गठ्ठे काकांनी आणि शिपायाने मिळून हलवले.

पहिल्या शनिवारी पाच पुरुष आले. एकाला फोन चार्ज करायचा होता, दोघांना निकाल हवा होता, उरलेल्या दोघांनी खरोखर तपासणी केली आणि माझ्या पाठातल्या सतरा चुका लिहून दिल्या. बायका आल्या नाहीत. मी घरी जाऊन सांगितलं तर बायको म्हणाली, तुम्ही खोली उघडलीत, आता त्यांना घर बंद करून यायला वेळ द्या.

दुसऱ्या शनिवारी अडीचला ती जिन्यातली विद्यार्थिनी आली. हातात माझं पत्र होतं. मी विचारलं, घरून निघताना अडचण नाही ना आली? ती म्हणाली, पत्र दाखवलं. विद्यापीठाने तपासणीला बोलावलंय म्हटल्यावर कुणी काही विचारलं नाही, उलट नवऱ्याने मुलींना सांगितलं की आईला उशीर होईल. मग तिने रजिस्टरात नाव आणि वेळ लिहिली. प्रयोजनापाशी थबकली आणि म्हणाली, हे जाताना लिहिते. आत जाऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली, पाठ उघडला, पेन्सिल काढली.

मी माझ्या खोलीत जाऊन चुका दुरुस्त करत बसलो. साधारण तीनच्या सुमारास शिपाई आला आणि दारात घुटमळला. हा आमचा शिपाई नियमांच्या बाबतीत अधीक्षकांचाच चेला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "त्या बाई झोपल्या."

मी उठून गेलो. ती पाठावर डोकं टेकून झोपली होती. पेन्सिल हातात तशीच होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पंखा फिरत होता आणि पाठाची पानं तिच्या कोपराखाली थोडी थोडी हलत होती. कुणी हाक मारेल या धास्तीने झोपलेली ती वाटत नव्हती.

शिपायाने भिंतीवरच्या तिसऱ्या नियमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उठवू का?"

"नको."

"मग रजिस्टरात काय लिहायचं?"

मी रजिस्टर ओढून घेतलं. तिच्या नावासमोरचा रकाना कोरा होता. माझ्या नोकरीत मी आजवर एकही खोटी नोंद केलेली नाही, आणि ही खोटी आहे की खरी याचा विचार करत मी थोडा वेळ पेन धरून उभा राहिलो. मग लिहिलं: 'तपासणी चालू आहे.'

शिपायाने ते वाचलं. बाहेर जाताना त्याने खिशातून एक जुनी पावती काढली, तिची घडी केली आणि दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत घातली.